आधी घराची चौकशी, मग भाडेकरूची: रत्नागिरीतल्या एका घराचं प्रकरण

रत्नागिरी शहरात मांडवीकडे उतरणाऱ्या भागात एक कौलारू घर आहे. ओटी, माजघर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणीघर, विहीर, आणि परसात हापूसची चार कलमं नि काही माड. घरात साठीच्या काकी एकट्या राहत होत्या. सुनेचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि त्यांना मुलाकडे पुण्याला जायचं होतं, तेही दोनेक वर्षांसाठी. घर बंद ठेवण्याची त्यांची तयारी नव्हती, आणि ते रास्तच होतं. वानरांनी दोन कौलं सरकवली आणि ती कोणी पाहिली नाहीत, तर एका पावसाळ्यात वासे कुजतात. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत वाळवी देव्हाऱ्यापर्यंत पोचते. म्हणून घर भाड्याने द्यायचं ठरलं. आयुष्यात पहिल्यांदा.

मी रत्नागिरीत वकिली करते. काकी माझ्याकडे आल्या त्या फक्त करार लिहून घ्यायला. घरच्यांच्या संमतीने हे प्रकरण लिहिते आहे. नावं वगळली आहेत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, पण कागदांचा प्रवास जसा झाला तसाच ठेवला आहे.

काकींकडे तेव्हा दोन विचारणा होत्या. एक ओळखीतला ठेकेदार. त्याला कामावरच्या माणसांसाठी जागा हवी होती. महिना सोळा हजार, दोन महिन्यांचे रोख आगाऊ, आणि कागद काहीच नको. "काकी, आपण गावातलीच माणसं, कागद कशाला?" असं त्याचं म्हणणं. दुसरा साताऱ्याहून बदली होऊन आलेला एक सरकारी कनिष्ठ अभियंता. बायको आणि पहिलीतली मुलगी बरोबर. भाडं नऊ हजार, अनामत पन्नास हजार, पण त्याला रीतसर नोंदवलेला करार हवा होता. घरभाडे भत्त्यावर करसवलत घ्यायची असल्याने त्याने घरमालकाचा पॅनही मागितला होता. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की ही सवलत घेणाऱ्याला घरमालकाचा पॅन कळवावा लागतो, आणि नऊ हजारांच्या हिशोबाने वर्षाचे एक लाख आठ हजार होत होते.

काकींचा कल ठेकेदाराकडे होता. सात हजारांचा फरक पेन्शन नसलेल्या बाईला लहान वाटत नाही, आणि तो वाटू नये अशी माझीही अपेक्षा नव्हती. त्यामुळे "कागद करा" एवढं सांगून मी थांबले नाही. कागद नसला तर नेमकं काय होतं, ते त्यांच्यापुढे मांडलं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 55 सांगतं की जागा भाड्याने दिली किंवा लिव्ह अँड लायसन्सने (म्हणजे ठराविक मुदतीपुरती नुसती वापरायची परवानगी देऊन) दिली, तरी करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खरी झळ शिक्षेपेक्षा पुढच्या तरतुदीत आहे. नोंदवलेला करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे ठेकेदार उद्या म्हणाला की भाडं चार हजारच ठरलं होतं आणि मुदत काही ठरलीच नव्हती, तर ते खोटं पाडण्याचं ओझं काकींवर. रोखीचे पैसे, पावती नाही, साक्षीदार नाही. हे ओझं त्या कशाच्या जोरावर उचलणार होत्या?

इथे ठेकेदाराच्या माणसांबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. मजूर आहेत म्हणून घर देऊ नका, असा सल्ला मी कधी देत नाही. कामगारांनाही छप्पर लागतं आणि ते सन्मानाने मिळायला हवं. ठेकेदाराच्या नावाने करार करून, राहणाऱ्यांची यादी जोडून, पोलिसांत माहिती देऊन हे घर त्यांनाही देता आलं असतं. ती तयारी आहे का, असं काकींनी त्याला विचारलं. नाही म्हणाला. मग तो विषय संपला.

करार लिहायच्या आधी मी काकींना मालकीचे कागद आणायला सांगितलं. त्या आल्या घरपट्टीच्या पावत्यांची पिशवी घेऊन. सगळ्या जपून ठेवलेल्या. पण वरचं नाव सासऱ्यांचं. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर. शहरातली नगर भूमापन झालेली जागा, त्यामुळे इथे सातबारा नव्हे तर मालमत्ता पत्रक लागतं. ते काढलं, त्यावरही सासरेच. सासरे जाऊन कैक वर्षं झालेली, त्यानंतर सासू गेल्या, आणि अलीकडे काकींचे यजमान.

"अहो पण घर माझंच ना? लग्न होऊन आले ती याच घरात आले."

कोकणात हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की उत्तर देताना आजही जीव थोडा जड होतो. मृत्युपत्र कोणीच केलेलं नव्हतं. घर सासऱ्यांनी स्वतः बांधलेलं. ते गेले तेव्हा हिंदू उत्तराधिकार कायद्याने सासूबाई आणि तीन मुलं, मुलगी धरून, असे चार समान वाटेकरी झाले. सासूबाई गेल्यावर त्यांचा चौथा हिस्सा तिन्ही मुलांत गेला, म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश. त्यातली एक काकींची नणंद, लग्न होऊन डोंबिवलीला. एक धाकटे दीर, मस्कतला नोकरीला. तिसरे काकींचे यजमान. त्यांच्यामागे त्यांचा एक तृतीयांश काकी, मुलगा आणि मुलगी यांच्यात समान. ज्या घरात काकींनी उभा संसार केला, सासू-सासऱ्यांचं आजारपण काढलं, दरवर्षी शाकारणी (कौलं काढून नीट बसवणं) करून घेतली, त्या घरात कागदोपत्री त्यांचा स्वतःचा वाटा एक नवमांश.

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वन्संना सांगायला हवं होतं का मी? मी तर भाऊजींनासुद्धा विचारलं नाही."

पहिल्यांदा घर भाड्याने देणारे लोक भाडेकरूची चौकशी करतात. कुठला, काय करतो, घरात माणसं किती. स्वतःच्या घराची चौकशी करावी हे सहसा कोणाच्या मनात येत नाही, कारण आपलं घर आपल्याला पाठ असतं. पण करारात "घरमालक" या शब्दापुढे कोणाचं नाव लिहायचं, इथेच कोकणातली निम्मी घरं अडतात. मुंबईला गेलेले भाऊ, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, आखातातले पुतणे, आणि पत्रकावर आजोबा.

एका सहमालकाने घर भाड्याने दिलं तर ते बेकायदा ठरतं असं नाही. ताब्यात असलेला सहमालक इतरांच्या संमतीने जागा देऊ शकतो, आणि इतरांची हरकत नसेल तर जागा रिकामी करून घेण्यासाठी एकटाही दाद मागू शकतो. सगळी भिस्त त्या संमतीवर. ती तोंडी असली, आणि पुढे घरच्यांत एखादा शब्द मागेपुढे झाला, तर भाडेकरू त्या फटीत उभा राहतो. वाईट भाडेकरू ती फट वापरतो. चांगला भाडेकरू त्यात चिरडला जातो, कारण एक मालक भाडं घेतो आणि दुसरा येऊन दाराशी विचारतो की तुला इथे कोणी ठेवलं.

म्हणून ठरलं की पाचही जण लिव्ह अँड लायसन्सच्या करारात घरमालक म्हणून येतील: काकी, मुलगा, मुलगी, नणंद आणि दीर.

शिमग्याला नणंद माहेरी येणारच होत्या. पालखी घरी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी काकींनी मला बोलावलं. नणंद बसल्या होत्या ओटीवर, हातात माझा मसुदा. त्यांचा पहिला प्रश्न सरळ होता: "यावर सही केली की माझा हिस्सा गेला, असं काही आहे का?"

त्यांची भीती निराधार नव्हती. बहिणींकडून "फक्त एक सही" घेऊन हक्कसोडपत्र करून घेतल्याची उदाहरणं या जिल्ह्यात शोधायला लांब जावं लागत नाही. हक्कसोडपत्र हा वेगळा दस्त. तो नोंदवावा लागतो आणि त्याने हिस्सा खरोखर जातो. भाड्याच्या करारात सहमालक म्हणून सही केल्याने उलट हिस्सा असल्याचं लेखी येतं. हे मी त्यांना समजावलं, पण समजावण्यावर सोडलं नाही. घरातल्या पाच जणांत एक वेगळा लेख केला. त्यात स्पष्ट लिहिलं की या करारामुळे कोणाचाही हिस्सा कमी-जास्त होत नाही, कोणी हक्क सोडलेला नाही, वाटप झालेलं नाही, भाडं तीन समान भागांत जाईल, आणि शाकारणी व घरपट्टीचा खर्च आधी तिघांच्या भागातून वजा होईल. मुलांनी आपल्या वडिलांच्या भागाचं भाडं आईला द्यायचं कबूल केलं. नणंदेने तो लेख दोनदा वाचला आणि मग काकींना म्हणाल्या, "वहिनी, हे आधी कोणी लिहून दिलं असतं तर मी इतकी वर्षं मनात ठेवलं नसतं." काय मनात ठेवलं होतं ते मी विचारलं नाही.

दिरांचं काम लांबलं. परदेशातून सही करायची तर मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासासमोर साक्षांकित करून पाठवावं लागतं. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. हे दुसरं पाऊल बहुतेक घरांत राहून जातं, आणि मग ऐन नोंदणीच्या वेळी कागद निरुपयोगी ठरतो. आम्ही मुखत्यारपत्र मुद्दाम आखूड लिहिलं: याच घराचा, याच स्वरूपाचा करार करणं, नोंदवणं, भाडं घेणं आणि गरज पडल्यास जागा रिकामी करून घेण्याची कारवाई करणं, एवढेच अधिकार काकींना. विकणं नाही, गहाण नाही. छापील नमुन्यातली "सर्व अधिकार देत आहे" ही ओळ मी नेहमी खोडते. घेणारा कितीही विश्वासू असो, देणाऱ्याला रात्री झोप लागली पाहिजे.

दिरांमुळे आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती अभियंत्याला सांगणं आमचं कर्तव्य होतं. घरमालक अनिवासी असेल तर त्याच्या वाट्याच्या भाड्यावर भाडेकरूने करकपात करून ती सरकारजमा करायची असते. भारतात राहणाऱ्या मालकाच्या बाबतीत महिना पन्नास हजारांच्या वर भाडं असल्याशिवाय व्यक्तीला ही कपात करावी लागत नाही. अनिवासी मालकाला ती मर्यादा लागू नाही. दिरांचा महिन्याचा भाग तीन हजार, त्यावर उपकरासह 31.2 टक्के, म्हणजे 936 रुपये. अभियंत्याला त्यासाठी टॅन (करकपात करणाऱ्याचा क्रमांक) काढावा लागला. त्याने कुरकूर केली नाही. आधीच सांगितल्याचं त्याला बरं वाटलं. उरलेली रक्कम दिरांच्या एनआरओ (अनिवासींसाठीच्या बँक) खात्यात जाते, आणि भारतातलं त्यांचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असल्याने विवरणपत्र भरून ते परतावा मागू शकतात. आखातात माणूस असलेली घरं इथे बरीच, तरी ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

मालमत्ता पत्रकावर वारसांची नोंद करण्याचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात त्याच सुमारास दिला. मृत्यूचे तीन दाखले, वंशावळ, वारसांचं प्रतिज्ञापत्र. पत्रकावर सासऱ्यांचं घरातलं हाक मारायचं नाव आणि दाखल्यावर शाळेतलं, त्यामुळे दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र लागलं. नोटिसा, हरकतींची मुदत, चौकशी, यात महिने जातात. करार त्यासाठी थांबवला नाही. वारसा हक्क माणूस गेल्या क्षणी येतो, नोंद त्याची मागाहून होते. करारात मालकीचा तपशील लिहिताना मात्र पत्रकावर सासऱ्यांचं नाव असून करार करणारे त्यांचे वारस आहेत, हे जसंच्या तसं लिहिलं आणि अभियंत्याला पत्रकाची प्रत दिली.

आता शेजार. काकींच्या शेजारचे अण्णा रोज सांगत, "घर देताय खरं, पण कूळ लागेल हो." म्हणजे राहणारा घरावर हक्क सांगेल. कोकणात या भीतीचं मूळ खोल आहे आणि तिला हसण्यावारी नेणं मला पटत नाही. 1948 च्या कूळकायद्याने आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने इथल्या जमिनींची मालकी बदलली. कसणाऱ्याच्या हातात जमीन गेली, आणि ते न्यायाचं होतं. पण तो कायदा शेतजमिनीचा. राहत्या घराला कूळ लागत नाही. घरांबाबतच्या भीतीचा उगम दुसरीकडे आहे. जुन्या 1947 च्या भाडे कायद्यात नंतर दुरुस्ती झाली, आणि 1 फेब्रुवारी 1973 या दिवशी लायसन्सवर जागा ताब्यात असलेल्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. त्या काळी तात्पुरती दिलेली जागा कायमची गेली असं अनेक घरांत घडलं, आणि ती आठवण पुढच्या पिढीने जपली. ते संरक्षण त्या तारखेला ताब्यात असलेल्यांपुरतं होतं. 1999 च्या कायद्यात लायसन्सची मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्यासाठी कलम 24 आहे. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर घरमालक दिवाणी दाव्याच्या लांब रस्त्याने न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. समोरच्याने समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत बचावाची परवानगी मागायची असते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट भरपाई देय होते. पण हा जवळचा रस्ता उघडतो तो लेखी करारावर. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग कागद पक्का करा." तेच तर चाललं होतं.

परसातल्या कलमांबाबत अण्णांची सूचना मी मात्र घेतली. कलमं आणि माड करारातून बाहेर ठेवले. झाडांची देखभाल, मोहोराची फवारणी, आंब्याची काढणी आणि विक्री घरमालकांकडे. भाडेकरूने झाडांची मशागत करायची नाही. पडलेला आंबा घरात खायला त्याचा. जागा नगर भूमापनातली असल्याने कूळकायद्याचा प्रश्न इथे नव्हताच. पण मे महिन्यात हापूसच्या पेट्या कोणाच्या, यावरून चांगल्या माणसांचीही तोंडं फिरतात.

करारातला सगळ्यात जास्त वेळ गेला तो गणपतीवर. या घरात पिढ्यान्‌पिढ्या गणपती येतो. नणंद डोंबिवलीहून, दीर रजा काढून मस्कतहून, मुलं पुणे-कोल्हापूरहून. घर भाड्याने दिलं तर मूर्ती कुठे बसणार? काकी यावर अडून होत्या, आणि दिरांनी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला होता. "तो भला माणूस आहे, नाही म्हणणार नाही" एवढ्यावर ही गोष्ट सोडता येत नव्हती, कारण कलम 24 च्या कामी लेखी लायसन्स करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. घर अख्खं दिलं असं लिहिलं, तर अख्खंच दिलं.

म्हणून माजघर, त्यातलं देवघर धरून, करारातून वगळलं. घराचा हाताने काढलेला नकाशा जोडला, दिलेला भाग एका रंगात आणि राखलेला दुसऱ्या. माजघराला मागच्या पडवीतून स्वतंत्र दार आहे, हे नशीब. तिथे कुलूप काकींचं. रोजची दिवाबत्ती शेजारच्या अण्णांकडे, त्यासाठी पडवीतून जाण्याचा हक्क लिहिला. मग उत्सवाचं कलम: गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधीपासून गौरी-गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत कुटुंबाला ओटी, पडवी, विहीर आणि न्हाणीघर वापरता येईल. दिवस तिथीने लिहिले, इंग्रजी तारखेने नव्हे, कारण चतुर्थी दरवर्षी सरकते. त्या महिन्याचं वीजबिल घरमालक भरतील. दोन्ही खोल्या आणि स्वयंपाकघर भाडेकरूचंच राहील, तिथे विचारल्याशिवाय कोणी जायचं नाही. ही शेवटची ओळ मी आग्रहाने घातली. ज्याने भाडं दिलं त्याचं ते घर आहे, आणि सणाच्या गर्दीत त्याच्या बायकोला आपल्याच स्वयंपाकघरात परकं वाटता कामा नये.

अभियंत्याच्या बायकोने मसुदा वाचून एवढंच विचारलं, "आम्ही आरतीला आलो तर चालेल ना?"

भाडेकरूची चौकशी त्यामानाने सोपी गेली. बदलीचा आदेश, कार्यालयाचं ओळखपत्र, पॅन, आधीच्या घरमालकाशी एक फोन. आधीच्या मालकाला दोनच गोष्टी विचाराव्यात: भाडं वेळेवर यायचं का, आणि सोडताना घर कसं दिलं. आधारची प्रत हवी तर शेवटचे चार अंकच दिसणारी घ्यावी, आणि मूळ कागद कोणाचेही ठेवून घेऊ नयेत. जात, धर्म, ताटात काय असतं, हे काकींना कोणी-कोणी विचारायला सांगितलं होतं. काकींनी विचारलं नाही. त्यांचा मला अभिमान वाटला.

पोलिसांना कळवणं राहिलं होतं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे आदेश जिल्हादंडाधिकारी वेळोवेळी काढतात, आणि ते मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली कारवाई होऊ शकते. किनाऱ्यावर याला वेगळं वजन आहे. 1993 साली मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं उतरली ती आपल्या शेजारच्या रायगडातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर. फॉर्ममध्ये मालक आणि भाडेकरू दोघांचा तपशील, फोटो, मूळ पत्ता, ओळख देणारी स्थानिक माणसं. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही ही माहिती भरता येते. काकी स्वतः ठाण्यात गेल्या आणि प्रतीवर पोच घेऊन आल्या. ही पोच म्हणजे भाडेकरूच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. आपण कळवलं याचा पुरावा.

करार चोवीस महिन्यांचा केला. अकराच महिने का नाही, असं सगळे विचारतात. अकरा महिन्यांची पद्धत आली ती नोंदणी कायद्यामुळे, कारण त्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही. पण कलम 55 मुदत पाहत नाही. अकरा महिन्यांचा करारही नोंदवायचाच, मग दर अकरा महिन्यांनी तोच खर्च आणि तीच धावपळ कशाला? नोटरीकडून शिक्का मारून आणलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे, हेही इथेच सांगते.

खर्चाचा आकडा ऐकून काकी चकित झाल्या. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. ते कशावर, तर एकूण भाडं अधिक परत करायच्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याज. भाडं 2,16,000, अनामतीवरचं दोन वर्षांचं व्याज 10,000, मिळून 2,26,000, त्याचे 565 रुपये. नोंदणी फी शहरात एक हजार. शिवाय ऑनलाइन दस्ताचं हाताळणी शुल्क आणि दस्त करून देणाऱ्याची मजुरी. ठेकेदाराचा कागद या एवढ्या रकमेसाठी टळत होता.

नोंदणी घरबसल्या झाली. अंगठ्याचा स्कॅनर आणि कॅमेरा घेऊन सेवा देणारा मुलगा घरी येतो, आधारवर पडताळणी होते, दोन साक्षीदार लागतात. सगळ्यांनी एकाच जागी बसायची गरज नाही. काकींच्या मुलाचा अंगठा पुण्यात घेतला, मुलीचा कोल्हापुरात, नणंदेचा डोंबिवलीत. दिरांच्या वतीने काकी. दुय्यम निबंधकांकडून नोंदणी होऊन आली तेव्हा इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) नीट वाचायला लावलं, कारण घर क्रमांकातला एक चुकीचा आकडा पुढे फार महाग पडतो. ताबा द्यायच्या दिवशी घराचे फोटो, विजेच्या मीटरचं रीडिंग, पंपाची स्थिती आणि सामानाची यादी, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. भाडं बँकेतूनच येतं, तरी काकी दरमहा पावती पाठवतात.

जुलैत ओटीच्या कोपऱ्यात गळायला लागलं. शाकारणी आणि छपराची दुरुस्ती मालकाची, नळ-बल्ब भाडेकरूचे, असं करारात होतं. तातडीचं काम पाच हजारांपर्यंत भाडेकरूने करून घ्यावं आणि पुढच्या भाड्यातून वजा करावं, असंही होतं. अभियंत्याने कौलं बसवणारा माणूस बोलावला, फोटो पाठवले, बिल पाठवलं. काकींना पुण्याहून यावं लागलं नाही.

त्या गणपतीला घरात एकूण किती माणसं होती कोण जाणे. एक प्रसंग कडवट झाला. दिरांच्या मुलाने स्वयंपाकघराचं दार न विचारता उघडलं आणि अभियंत्याच्या बायकोच्या मनाला ते लागलं. नणंदेनेच त्याला बाजूला घेऊन सांगितलं की ते आपण लिहून दिलंय. तेवढ्यावर मिटलं.

मालमत्ता पत्रकावर आता पाच नावं आहेत. कराराची मुदत एप्रिलअखेर संपते, आणि लायसन्स आपोआप पुढे सरकत नाही; वाढवायचं तर नवा दस्त, नवी नोंदणी, पोलिसांत नवी माहिती. मार्चमध्ये शिमग्याला नणंद येतील तेव्हा अभियंत्याला ठेवायचं की काकी परत येणार, हे ठरवायचं आहे. पन्नास हजार अनामत काकींनी वेगळ्या मुदत ठेवीत ठेवली आहे, म्हणजे चावी हातात येईल त्या दिवशी ती परत देता येईल. दिरांचं मुखत्यारपत्र याच स्वरूपाच्या करारापुरतं आहे, त्यामुळे नव्या कराराला ते चालेल. वाटप करायचं म्हटलं तर मात्र त्यांना स्वतः यावं लागेल, किंवा मस्कतहून दुसरा कागद.